वाहनाच्या निष्कास प्रणालीतील फेरबदल

वाहनाच्या निष्कास प्रणालीतील फेरबदल म्हणजे मोटारगाडी किंवा दुचाकी यांच्या इंजिनातील जळका वायू बाहेर वाहून नेणारे मूळ भाग काढून त्यांच्या जागी बाजारात स्वतंत्रपणे मिळणारे दुसरे भाग बसवणे होय. बोलीभाषेत या प्रकारास ‘सायलेन्सर बदलणे’ आणि बदललेल्या भागास ‘मॉडिफाइड सायलेन्सर’ असे म्हणतात. हे भाग ऑनलाइन अथवा सुट्या भागांच्या दुकानांत सहज मिळतात. पुष्कळ वाहनमालक ते घरी किंवा गावातील गॅरेजमध्ये स्वतःच्या देखरेखीखाली बसवून घेतात. भारतात वाहनाचा आवाज आणि धूर यांविषयीच्या मानकांचा भंग होईल असा फेरबदल करणे हा मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये गुन्हा आहे. भागाची विक्री खुलेपणाने होते, म्हणून तो रस्त्यावरील वाहनास बसवणेही कायदेशीर असते, असे नाही.

मूळ रचना व कार्य

इंजिनाच्या नळकांड्यांतून बाहेर पडणारा वायू अतिशय तप्त आणि उच्च दाबाचा असतो. तो प्रथम मॅनिफोल्ड या जोडनळीत एकत्र होतो, तेथून उत्प्रेरक परिवर्तकात म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातो आणि शेवटी मफलरमधून बाहेर पडतो. मराठीत सामान्यतः ‘सायलेन्सर’ हा शब्द मफलरसाठी आणि काही वेळा संपूर्ण प्रणालीसाठी वापरला जातो.

उत्प्रेरक परिवर्तकात मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रे असलेला मातकामाचा किंवा धातूचा ठोकळा असतो. त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा पातळ थर दिलेला असतो. पेट्रोल इंजिनाच्या वायूतील कार्बन मोनॉक्साइडचे कार्बन डायॉक्साइडमध्ये, न जळलेल्या हायड्रोकार्बनचे कार्बन डायॉक्साइड व पाणी यांमध्ये आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे नायट्रोजनमध्ये रूपांतर तेथे होते. ही क्रिया नीट चालण्यासाठी हवा व पेट्रोल यांचे वजनी प्रमाण सुमारे १४.७ : १ असावे लागते. हे प्रमाण राखण्याचे काम निष्कास नळीतील ऑक्सिजन संवेदक आणि इंजिनाचा संगणक मिळून करतात.

मफलरमध्ये निरनिराळ्या मापांच्या कोठ्या, छिद्रे पाडलेल्या नळ्या आणि काही रचनांत काचतंतूंचे अस्तर असते. वायूच्या स्पंदनांतील ऊर्जा तेथे विखुरते व शोषली जाते. त्यामुळे आवाज कमी होतो.

फेरबदलांचे प्रकार

मोटारगाड्यांमध्ये पुढील प्रकार आढळतात.

• केवळ मागचा मफलर बदलून कमी अडथळ्याचा, म्हणजे ‘फ्री फ्लो’ मफलर बसवणे.
• मफलर पूर्णपणे काढून सरळ नळी जोडणे. यास ‘स्ट्रेट पाइप’ म्हणतात.
• उत्प्रेरक परिवर्तक काढून त्या जागी मोकळी नळी बसवणे किंवा परिवर्तकाचे कवच ठेवून आतील ठोकळा फोडून टाकणे.
• डिझेल गाडीतील काजळी अडवणारी गाळणी, म्हणजे डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर, काढून टाकणे.
• नळीच्या टोकास केवळ शोभेचे चकचकीत टोपण लावणे. यामुळे आवाज वा धूर यांत फरक पडत नसल्याने त्याचे स्वरूप वरील प्रकारांहून वेगळे आहे.

दुचाकींमध्ये, विशेषतः बुलेटसारख्या एकनळकांडी मोटारसायकलींमध्ये, आवाज वाढवणाऱ्या सायलेन्सरची मोठी बाजारपेठ आहे. ‘इंदुरी’, ‘पंजाबी’, ‘शॉर्ट बॉटल’, ‘मेगाफोन’ अशा नावांनी ते विकले जातात. फटाक्यासारखे बार काढणाऱ्या सायलेन्सरला ‘फटाका सायलेन्सर’ असे म्हटले जाते.

अशा बदलामुळे गाडीची शक्ती वाढते, असा समज रूढ आहे. परंतु आधुनिक गाड्यांत इंधनाचे प्रमाण संगणक ठरवतो आणि त्याची जुळणी मूळ प्रणालीस अनुसरून केलेली असते. केवळ मागचा मफलर बदलल्याने शक्तीत सहसा नगण्य फरक पडतो. वाढलेला आवाज हीच वाढलेली शक्ती, असे चालकास वाटते.

कायदेशीर तरतुदी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ अन्वये नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा फेरबदल वाहनमालकास करता येत नाही. आर.टी.ओ. विरुद्ध के. जयचंद्र या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही तरतूद काटेकोरपणे लागू होते, असा निर्वाळा दिला. त्याच वर्षी अधिनियमात मोठी दुरुस्ती झाली आणि शिक्षा वाढवण्यात आल्या.

• कलम १८२ अ (४) : परवानगी नसलेला फेरबदल करणाऱ्या वाहनमालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक फेरबदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही.
• कलम १८२ अ (१) : नियमबाह्य वाहन विकणारा किंवा वाहनात नियमबाह्य फेरबदल करणारा उत्पादक, आयातदार वा विक्रेता यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा प्रत्येक वाहनामागे १ लाख रुपये दंड किंवा दोन्ही.
• कलम १९० (२) : रस्ता सुरक्षा, ध्वनी व वायुप्रदूषण यांच्या मानकांचा भंग करणारे वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवल्यास पहिल्या अपराधासाठी तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, तसेच तीन महिन्यांसाठी परवाना धारण करण्यास अपात्रता. पुन्हा अपराध केल्यास कारावासाची मर्यादा सहा महिने. २०१९ पूर्वी पहिल्या अपराधाचा दंड १,००० रुपये होता.
• कलम ५३ : अधिनियमाच्या अटी न पाळणाऱ्या वाहनाची नोंदणी निलंबित करण्याचा अधिकार नोंदणी प्राधिकरणास आहे.

प्रत्यक्ष कारवाईत बहुतेक वेळा न्यायालयात न जाता तडजोड शुल्क आकारले जाते. हे शुल्क राज्य शासन ठरवते. महाराष्ट्रात सुधारित शुल्क डिसेंबर २०२१ मध्ये लागू झाले.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२० नुसार प्रत्येक मोटार वाहनास, शेतीच्या ट्रॅक्टरसह, आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर असणे बंधनकारक आहे. नव्या वाहनांच्या चाचणीसाठी आवाजाच्या मर्यादा ठरवलेल्या आहेत. ८० घनसेंटिमीटरपर्यंतच्या दुचाकीस ७५ डेसिबल, ८० ते १७५ घनसेंटिमीटरपर्यंत ७७ डेसिबल, त्यापुढे ८० डेसिबल आणि नऊपर्यंत आसनांच्या प्रवासी मोटारीस ७४ डेसिबल अशा त्या मर्यादा आहेत. डेसिबल ही लघुगणकीय श्रेणी असल्याने १० डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनिऊर्जेत दहापट वाढ होय.

धुराबाबत भारत स्टेज ही मानके लागू आहेत. त्यांपैकी सहावा टप्पा १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाला. वाहनाच्या प्रत्येक नव्या प्रतिकृतीस बाजारात येण्यापूर्वी मान्यताप्राप्त संस्थेकडून मंजुरी घ्यावी लागते. महाराष्ट्रात १९६६ मध्ये स्थापन झालेली पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया आणि अहिल्यानगरची वाहन संशोधन व विकास आस्थापना या अशा संस्था आहेत. मंजुरी इंजिन, संगणक, परिवर्तक व मफलर यांच्या एकत्रित जुळणीस मिळते. त्यातील एक भाग बदलला की उरलेले वाहन मंजूर नमुन्याप्रमाणे राहत नाही.

पीयूसी प्रमाणपत्र व त्याची मर्यादा

पीयूसी प्रमाणपत्र असले म्हणजे फेरबदल वैध ठरतो, हा एक सर्वसाधारण गैरसमज आहे. पेट्रोल वाहनाच्या पीयूसी चाचणीत इंजिन जागेवर चालू ठेवून कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन यांचे प्रमाण मोजतात. डिझेल वाहनात धुराची गडदता मोजतात. नायट्रोजनची ऑक्साइडे आणि आवाज यांचे मापन या चाचणीत होत नाही. त्यामुळे मफलर काढलेली गाडी चाचणीत उत्तीर्ण होऊनही आवाजाच्या मानकांचा भंग करणारी असू शकते. प्रमाणपत्र हा त्या दिवशीच्या धुराच्या मोजमापाचा दाखला असतो. त्याने फेरबदलास परवानगी मिळत नाही.

स्वतः भाग बसवण्यातील धोके

निष्कास प्रणालीचे काम बाहेरून सोपे दिसते. नळ्या, पट्ट्या व नट-बोल्ट एवढेच साहित्य त्यात असते. तथापि पुढील धोके संभवतात.

• सांध्यातील गॅस्केट नीट न बसल्यास वायू गळतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग व वास नसतो. तो गाडीच्या आतील भागात शिरल्यास प्रवासी बेशुद्ध होऊन मृत्यूही ओढवू शकतो.
• परिवर्तकाचे तापमान चालू स्थितीत कित्येक शे अंश सेल्सिअस असते. उष्णतारोधक पत्रा परत न बसवल्यास तारांचे आवरण वितळते, तसेच वाळलेल्या गवतावर किंवा पाचटावर उभ्या केलेल्या गाडीखाली आग लागू शकते.
• नियम ११३ नुसार निष्कास नळी व इंधनवाहिनी यांत किमान ३५ मिलिमीटर अंतर हवे. घरगुती जोडणीत ते राखले जातेच असे नाही.
• केवळ जॅकवर अथवा विटांच्या आधारावर उचललेल्या गाडीखाली काम करणे जिवावर बेतू शकते.
• परिवर्तक काढल्यास संवेदकाचे वाचन चुकते, इंजिनाचा इशारादिवा लागतो आणि इंधनाचा खप वाढू शकतो.

महाराष्ट्रातील स्थिती

महाराष्ट्रात वाहतूक पोलीस व प्रादेशिक परिवहन कार्यालये अशा वाहनांवर मोहिमा राबवतात. पुणे, नागपूर यांसारख्या शहरांत जप्त केलेले सायलेन्सर जाहीरपणे रोड रोलरखाली चिरडून नष्ट करण्यात आले आहेत.

मोटारमालकाच्या इच्छेविरुद्ध होणारा एक फेरबदलही राज्यात परिचित आहे. ईको या व्हॅनच्या सायलेन्सरची चोरी राज्यात अनेक ठिकाणी झाली आहे. परिवर्तकातील मौल्यवान धातूंची ‘माती’ काढून विकणे हा या चोरीचा हेतू असतो. अशा वेळी स्वस्तातला, परिवर्तक नसलेला सायलेन्सर बसवून घेण्याचा मोह होतो. परंतु मूळ भाग चोरीस गेला असला तरी मानके पाळण्याची मालकाची जबाबदारी संपत नाही.

हा प्रश्न मोठ्या शहरांपुरता मर्यादित नाही. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ हे तालुक्याचे ठिकाण ज्योतिर्लिंग मानल्या जाणाऱ्या नागनाथ मंदिरासाठी प्रसिद्ध आहे. जिल्ह्यातील वाहनांची नोंदणी हिंगोली येथे एमएच-३८ या क्रमांकमालेत होते. तालुक्याच्या गावात एकूण गोंगाट शहराच्या मानाने कमी असल्याने एकाच गाडीचा कर्कश आवाज अधिक दूरवर जाणवतो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालये, शिक्षणसंस्था व न्यायालये यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो. तेथे ही मर्यादा अनुक्रमे ५० व ४० डेसिबल आहे. याच तालुक्यात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारली जात आहे. अशा वेधशाळेसाठी जमिनीची कंपने व मानवनिर्मित गोंगाट अत्यल्प असलेली जागा निवडावी लागते.

इतर देशांतील व्यवस्था

अमेरिकेत स्वच्छ हवा कायद्याने प्रदूषण नियंत्रक भाग निकामी करण्यास मनाई आहे. कॅलिफोर्निया राज्यात उत्सर्जनावर परिणाम करणाऱ्या बाजारातील भागास राज्याच्या हवा मंडळाकडून सूट-क्रमांक मिळवावा लागतो. युरोपात मोटारींच्या पर्यायी सायलेन्सरसाठी संयुक्त राष्ट्रांचा विनियम ५९ आणि पर्यायी परिवर्तकांसाठी विनियम १०३ लागू आहे. मंजूर भागावर तशी खूण कोरलेली असते. त्यामुळे खरेदीदारास वैध व अवैध भागांत फरक करता येतो.

वैध पर्याय

गंजलेला किंवा फुटलेला सायलेन्सर बदलणे हा गुन्हा नाही. त्या प्रतिकृतीसाठी उत्पादकाने ठरवलेला, त्याच प्रकारचा भाग बसवल्यास वाहन मंजूर नमुन्याप्रमाणेच राहते. अशा वेळी भागाचे बिल जपून ठेवणे व दुरुस्तीनंतर पीयूसी चाचणी करून घेणे इष्ट असते. सीएनजी संचासारखा मोठा बदल करावयाचा झाल्यास मान्यताप्राप्त संच अधिकृत केंद्रातून बसवून नोंदणी प्रमाणपत्रात तशी नोंद करून घ्यावी लागते. अवैध सायलेन्सर असलेली जुनी गाडी विकत घेतल्यास ती चालवण्याची जबाबदारी नव्या मालकावर येते. त्यामुळे खरेदीपूर्वी गाडीखालची पाहणी करणे आवश्यक ठरते.

हे सुद्धा पहा

• भारत स्टेज उत्सर्जन मानके
• ध्वनिप्रदूषण
• मोटार वाहन अधिनियम, १९८८
• उत्प्रेरक परिवर्तक
• औंढा नागनाथ