यंत्रवर्तनाचे वर्गीकरण : एक ऐतिहासिक टिपण

धाराशिव जिल्ह्याच्या उमरगा तालुक्यातील मुरुम हे गाव विठ्ठलसाई सहकारी साखर कारखान्यामुळे उसाच्या मुलखात परिचित आहे. साखर कारखाना हा वर्षातील काही महिनेच चालणारा उद्योग होय. परंतु गव्हाणीत पहिली मोळी पडल्यापासून गळीत हंगाम संपेपर्यंत त्याची यंत्रे रात्रंदिवस फिरत असतात. तोडलेला ऊस साठवून ठेवता येत नाही, कारण तोडणीनंतर त्यातील साखर घटू लागते. म्हणूनच चालते यंत्र बिघाडाच्या वाटेवर आहे की नाही हे ते न उघडता ओळखणे, हा अशा कारखान्यापुढील नित्याचा प्रश्न असतो. कंपने, तापमान, विद्युत्प्रवाह यांच्या क्षणोक्षणीच्या नोंदींवरून हा निर्णय गणिताने करण्याची विद्या आज उपलब्ध आहे. तिचा मागोवा घेतला असता तिची बरीचशी मुळे यंत्रशास्त्राबाहेर, मानवी भाषेच्या आणि भूकंपलहरींच्या अभ्यासात सापडतात.

नोंदीच्या आधी अर्थातच कान होता. यंत्राच्या आवाजासाठी मराठीत ध्वन्यनुकारी शब्दांची वाण नाही. ‘खट’ हा एकच आघात. ‘खटखट’ म्हटले की तोच आघात पुनःपुन्हा होत असल्याचे कळते. ‘खडखड’ सैल झालेल्या भागांची, ‘करकर’ कोरड्या घर्षणाची. हेही एक वर्गीकरणच आहे, आणि ते टाकाऊ मुळीच नव्हे. परंतु द्विरुक्तीने आवर्तन सांगितले जाते, आवर्तनाचा काळ सांगितला जात नाही. आणि बेअरिंगच्या बाबतीत सारे रहस्य त्या काळातच असते. मिनिटाला १५०० फेरे घेणाऱ्या मोटारीत ९ गोळ्यांचे बेअरिंग असेल आणि त्याच्या बाहेरील स्थिर कड्यावर चरा पडला असेल, तर सेकंदाला सुमारे ९० आघात होतात. चरा आतील कड्यावर असेल तर सुमारे १३५. कारखान्याच्या गोंगाटात हा भेद कानाला सांगणे कठीण, नोंदीत मात्र तो वेगळा उमटतो. (उसाच्या चरकाला हे सूत्र लावता येत नाही. त्याचे रोलर मिनिटाला मोजकेच फेरे घेतात आणि परंपरेने गोळ्यांच्या नव्हे, तर साध्या धातूच्या बेअरिंगांत फिरत आले आहेत.)

यंत्राने स्वतःची नोंद स्वतः करावी, ही कल्पना वाफेच्या एंजिनाच्या काळातील होय. जेम्स वॉट याचा सहायक जॉन सदर्न याने १७९६ मध्ये अशी योजना केली की, दट्ट्याबरोबर एक फळी सरके आणि वाफेच्या दाबानुसार पेन्सिल वरखाली होई. कागदावर उमटणाऱ्या बंद आकृतीच्या घडणीवरून झडप उशिरा उघडते की वाफ गळते, हे जाणकाराला कळे. हे उपकरण कित्येक वर्षे गुप्त ठेवण्यात आले होते, यावरूनच त्याचे मोल ध्यानात येईल. पुढे १९३९ मध्ये रॅथबोन याने कंपनांच्या सह्य व असह्य मर्यादांचा तक्ता प्रसिद्ध केला, आणि १९७४ च्या आंतरराष्ट्रीय मानकात कंपनाच्या तीव्रतेनुसार यंत्रस्थितीच्या प्रती ठरविण्यात आल्या. तथापि या तक्त्यांनी सदर्नच्या आकृतीपेक्षा कमीच सांगितले, असे म्हणावे लागते. बिघाड किती, एवढेच त्यांत कळते. तो कोणता, हे कळत नाही.

तो प्रश्न सोडविणारी साधने अनपेक्षित ठिकाणी तयार झाली होती. १९१३ मध्ये रशियन गणिती मार्कोव्ह याने पुश्किनच्या ‘एव्गेनी ओनेगिन’ या काव्यातील २०,००० अक्षरे घेऊन त्यांतील स्वर व व्यंजने यांचा क्रम मोजला. स्वर ८,६३८ निघाले. म्हणजे शेकडा ४३. परंतु स्वराच्या लगेच नंतर स्वर येण्याचे प्रमाण शेकडा १३ च होते, तर व्यंजनानंतर स्वर येण्याचे ६६. पुढचे अक्षर मागच्या अक्षरावर अवलंबून असते, ही व्याकरणकारांना ठाऊक असलेली गोष्ट अशा रीतीने अंकांत बांधली गेली. १९७० च्या दशकात मार्कोव्हच्या शृंखलेचे एक विकसित रूप उच्चारित भाषा यंत्राकरवी ओळखण्यासाठी वापरले जाऊ लागले. ऐकू येतो तो ध्वनी. त्यामागील वर्ण अदृश्य असतो आणि ध्वनींच्या ओघावरून त्याचे अनुमान करावयाचे, असा हा विचार होय. येथे ‘ध्वनी’च्या जागी कंपन आणि ‘वर्णा’च्या जागी यंत्राची अवस्था ठेवली की यंत्रवर्तनाचे वर्गीकरण हाती येते.

दुसरा धागा भूगर्भातून आला आहे. भूकंपलहरींतील प्रतिध्वनी वेगळे काढून केंद्राची खोली ठरवावी, या हेतूने बोगर्ट, हीली व ट्यूकी यांनी १९६३ मध्ये एक पद्धती मांडली. ‘स्पेक्ट्रम’ शब्दाची पहिली चार रोमन अक्षरे उलट फिरवून त्यांनी तिला ‘सेप्स्ट्रम’ असे नाव दिले. गंभीर विषयातील ही शब्दक्रीडा आता रूढ पारिभाषिक संज्ञा होऊन बसली आहे. लवकरच तीच पद्धती मानवी आवाजाची पट्टी मोजण्यासाठी वापरली गेली, आणि १९७० च्या दशकात दंतचक्रांच्या पेटीतील दोष शोधण्यासाठी. केंद्राच्या खोलीचा हा प्रश्न उमरगा तालुक्याला केवळ ग्रंथांतरीचा नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात याही तालुक्यातील गावे जमीनदोस्त झाली, आणि त्या भूकंपाचे केंद्र उथळ होते, हे त्या विध्वंसाचे एक कारण होते.

अवस्थांच्या क्रमाचा विचार का अगत्याचा, हे साखर वेगळी करणाऱ्या सेंट्रिफ्यूगल मशीनवरून स्पष्ट होते. खेपेखेपेने चालणाऱ्या या यंत्रात साखरेचे स्फटिक असलेला दाट पाक भरणे, वेग घेणे, मळी बाहेर फेकणे, पाण्याने धुणे, वेग उतरविणे आणि साखर खरवडून काढणे, असे चक्र सतत चालते. वेग घेताना मोटारीने जास्त प्रवाह ओढणे स्वाभाविक. तोच आकडा स्थिर वेगावर आढळला तर तो दोष मानावा लागतो. एकच ध्वनी शेजारच्या ध्वनींनुसार वेगळ्या वर्णाचा ठरतो, हे जसे, तसेच हे आहे. सुट्या आकड्याचे वर्गीकरण येथे निरर्थक ठरते.

खरी अडचण मात्र गणिताची नाही, नावाची आहे. कोणत्याही वर्गीकरणाला आधी नावे दिलेली उदाहरणे लागतात. या क्षेत्रात सर्वाधिक वापरला गेलेला नोंदसंग्रह अमेरिकेतील केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाचा आहे. त्यातील दोष हे विद्युत्ठिणगीने मुद्दाम पाडलेले, इंचाच्या ७ सहस्रांश व्यासापासून पुढचे खड्डे आहेत, आणि ते २ अश्वशक्तीच्या मोटारीच्या प्रयोगसंचावरचे. त्यातही एकाच नोंदीचे तुकडे शिकवणीसाठी आणि परीक्षेसाठी वापरले गेले, तर मिळणारे यश फसवे असते : यंत्र दोष ओळखावयास न शिकता ते विशिष्ट बेअरिंगच ओळखू लागते. एकाच माणसाच्या बोलण्यावरून बोलीचे व्याकरण लिहावे, तसा हा प्रकार होय. धूळ, बगॅस, कमीजास्त ऊस यांत झिजलेल्या बेअरिंगचे वर्तन त्यावरून कसे कळावे?

ते कळण्याची सामग्री कारखान्यातच निर्माण होत असते. पाळीच्या वहीत ‘बेअरिंग बदलले’ एवढेच लिहिले जात असेल, तर त्यामागील महिन्यांच्या नोंदी निनावीच राहतात. कोणते कडे गेले, चरा कोठे होता, वंगण जळाले होते काय, हे ज्या फिटरने पाहिले त्याच्यापाशीच ते राहते. हंगाम संपल्यावर यंत्रे दुरुस्तीसाठी उघडली जातात. त्या वेळी नोंद आणि झिजलेला भाग, दोन्ही काही दिवस एकत्र उपलब्ध असतात. पुढे तो भाग भंगारात जातो.