पत्ता, नाव आणि घरचे यंत्र : फैजपुराच्या निमित्ताने दूरजोडणीच्या दोषांचा विचार

यावल तालुक्यातील फैजपूर हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहे ते डिसेंबर १९३६ मध्ये तेथे भरलेल्या राष्ट्रसभेच्या अधिवेशनामुळे. खेड्यात भरलेले राष्ट्रसभेचे ते पहिले अधिवेशन होय. अध्यक्षस्थानी पंडित जवाहरलाल नेहरू होते, आणि बांबूसारख्या स्थानिक साहित्यातून नंदलाल बोस यांनी उभ्या केलेल्या त्या तात्पुरत्या नगरीस ‘टिळकनगर’ असे नाव देण्यात आले होते. हे नाव त्या दिवसांपुरते आणि त्या परिसरापुरते निःसंदिग्ध होते. फैजपुरात येऊन पोहोचलेल्या कोणाही प्रतिनिधीस ‘टिळकनगर कोठे?’ एवढे विचारणे पुरेसे होते. परंतु पाकिटावर केवळ ‘टिळकनगर’ एवढेच लिहून कोणी ते दूरच्या गावाहून टाकले, तर टपाल खात्याने ते कोठे न्यावे? श्रीरामपूरजवळ एक टिळकनगर आहे, मुंबईत चेंबूरला दुसरे आहे, डोंबिवलीत तिसरे. एकच नाव अनेक स्थळी सुखाने नांदू शकते. अट एवढीच, की ते उच्चारणारा व ऐकणारा एकाच गावात असला पाहिजे.

नामाच्या ह्या मर्यादेचा प्रश्न आज त्याच फैजपुरातील घरांत एका निराळ्या रूपाने उभा राहतो. घरी ठेवलेला संगणक जळगावच्या विद्यापीठातून किंवा पुण्याच्या वसतिगृहातून उघडावा, त्याचा पडदा आपल्यापुढे यावा, त्यावर साठविलेली ध्वनिमुद्रणे व प्रबंधाची प्रकरणे हाताळावीत, ह्या सोयीस रिमोट डेस्कटॉप म्हणतात. जो संगणक उघडावयाचा तो सर्व्हर, ज्यावरून उघडावयाचा तो क्लायंट. घरी यंत्र चालू असते, राउटरचे दिवे लागलेले असतात, आणि तरीही जोडणी होत नाही. अशा वेळी दोष प्रथम यंत्रात शोधला जातो. वस्तुतः तो पुष्कळदा पत्त्यात असतो, आणि पत्ता तसा का झाला ह्याचे उत्तर केवळ इतिहास देऊ शकतो.

दुरून गणकयंत्र चालविण्याचा पहिला जाहीर प्रयोग ११ सप्टेंबर १९४० रोजी झाला. अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात भरलेल्या गणितज्ञांच्या सभेत जॉर्ज स्टिबिट्झ यांनी टेलिप्रिंटरवरून शेकडो किलोमीटर दूर न्यूयॉर्क येथील बेल प्रयोगशाळेच्या यंत्रास उदाहरणे घातली व उत्तरे मिळविली. ह्या प्रयोगात पत्त्याचा प्रश्न उद्भवलाच नाही, कारण तारेच्या दोन टोकांस दोनच यंत्रे होती. पुढे २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री अर्पानेट ह्या जाळ्यावर लॉस अँजेलिसच्या विद्यापीठातून चार्ली क्लाइन यांनी स्टॅनफर्ड संशोधन संस्थेच्या यंत्रात शिरण्यासाठी ‘लॉगिन’ हा शब्द टंकण्यास आरंभ केला. पलीकडे बिल ड्युव्हल दूरध्वनी कानाशी धरून बसले होते. एक अक्षर पोहोचले, दुसरे पोहोचले, आणि तिसऱ्यास पलीकडील यंत्र कोलमडले. सुमारे तासाभराने दुरुस्ती होऊन जोडणी साधली. ह्या प्रसंगाचे वर्णन बहुधा गंमत म्हणून केले जाते. परंतु दोषशोधाची सारी पद्धत त्यात आलेली आहे. एकतर संदेशाचे तुकडे पाडून कोणता तुकडा कोठवर गेला हे पाहणे, आणि दुसरे म्हणजे ज्या वाटेविषयी शंका आहे तिची साक्ष दुसऱ्या वाटेने काढणे. घरी कोणास तरी दूरध्वनी करून ‘पडद्यावर काय दिसते?’ असे विचारणे ह्यात कमीपणा काहीच नाही. जाळ्याच्या जन्माच्या रात्री हेच करण्यात आले होते.

डिसेंबर १९८३ मध्ये माइक म्यूस यांनी ‘पिंग’ ही छोटी आज्ञावली लिहिली. पाणबुडी शोधणाऱ्या सोनार यंत्राच्या नादावरून तिला नाव मिळाले. हाक मारावी व पडसादाची वाट पाहावी, एवढेच तिचे काम. येथे एक सावधगिरी हवी. पडसाद आला तर यंत्र जागे आहे हे ठरते; न आल्यास ते झोपले आहे असे मात्र ठरत नाही. अनेक संगणकांची फायरवॉल अशा हाकांना उत्तर न देण्याच्याच बेताने आखलेली असते. अनुत्तर म्हणजे अनुपस्थिती नव्हे.

आता मूळ प्रश्नाकडे. इ. स. १९८१ मध्ये ठरलेल्या इंटरनेटच्या नियमांनुसार प्रत्येक पत्ता ३२ द्विमान अंकांचा असतो. म्हणजे एकूण पत्ते ४,२९,४९,६७,२९६. त्या काळी ही संख्या अफाट वाटली, आणि वाटपही तशाच उदार हाताने झाले. एकट्या मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेच्या वाट्यास १,६७,७७,२१६ पत्त्यांचा गट आला होता. त्यातील मोठा भाग तिने २०१७ मध्ये विकून टाकला. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तोवर टंचाईची चाहूल लागून एक उपायही निघालेला होता. १९९४ मध्ये पत्ता-रूपांतराची, म्हणजे नॅटची, योजना मांडली गेली आणि १९९६ मध्ये काही पत्ते कायमचे ‘खासगी’ म्हणून राखून ठेवण्यात आले. पंगतीस उशिरा आलेल्यांच्या पानात काय पडले हे ह्या तारखांवरून उघड होते. जागतिक भांडारातील शेवटचे मोठे गट ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटले गेले. खानदेशातील बहुतेक घरांत तारेने वा प्रकाशतंतूने इंटरनेट पोहोचले ते ह्यानंतर.

घरातील संगणकावर दिसणारा १९२.१६८.१.५ हा पत्ता ह्या खासगी गटातील आहे. भाषाशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर ते विशेषनाम नसून दर्शक पद आहे. ‘हा’, ‘इथला’, ‘पलीकडचा वाडा’ ह्या शब्दांप्रमाणे त्याचा अर्थ उच्चारणाऱ्याच्या स्थानावर अवलंबून असतो. जगातील लक्षावधी घरांत ह्याच पत्त्याचे यंत्र आहे. पुण्यात बसून हा पत्ता लिहिणाऱ्यास पुण्यातलेच त्या पत्त्याचे यंत्र मिळेल, किंवा काहीच मिळणार नाही. घराला बाहेर ओळखणारा पत्ता एकच असतो आणि तो राउटरकडे असतो. आतून कोणी बाहेर हाक दिली की राउटर तिची नोंद ठेवतो व उत्तर त्या व्यक्तीकडे पोहोचवितो. पण बाहेरून आपण होऊन कोणी आले, तर ते घरातल्या कोणासाठी हे त्यास कळण्याचा मार्ग नसतो. म्हणून त्यास सांगून ठेवावे लागते, की ३३८९ ह्या क्रमांकाच्या दारावर येणाऱ्यास अमुक यंत्राकडे धाडावे. ह्यास पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. ज्या यंत्राकडे धाडावयाचे त्याचा आतील पत्ता कायम करून ठेवलेला नसेल, तर वीज जाऊन आली की तो बदलू शकतो आणि सूचना भलत्याच यंत्राकडे बोट दाखवू लागते. बाहेरील पत्त्याचेही तेच. आणखी एक फसवी गोष्ट अशी, की घरातच बसून बाहेरच्या पत्त्याने जोडणी करून पाहिली, तर सर्व काही ठीक असूनही ती अनेक राउटरांवर होत नाही. बाहेरची परीक्षा बाहेरूनच, निदान मोबाइलच्या जाळ्यावरून, घ्यावी; आणि त्यापूर्वी घरातल्या घरात दुसऱ्या यंत्रावरून आतील पत्त्याने जोडणी होते की नाही, हे पाहून घ्यावे. आत जमते व बाहेरून जमत नाही, एवढे ठरले की अर्धे काम झाले.

आत जमत नसेल तर दोष यंत्राचा, आणि त्याची कारणे थोडकी आहेत. विंडोजच्या ‘होम’ आवृत्तीत रिमोट डेस्कटॉपचा सर्व्हर नसतोच; ती इतरांकडे जाऊ शकते, इतरांस घेऊ शकत नाही. संकेतशब्द नसलेल्या खात्यास दुरून प्रवेश नाकारला जातो, आणि घरच्या संगणकास संकेतशब्द नसणे ही काही विरळ गोष्ट नव्हे. यंत्र निद्रावस्थेत गेलेले असणे हे तर नित्याचेच. मे २०१८ मध्ये एका सुरक्षा-सुधारणेनंतर एक टोक सुधारलेले व दुसरे न सुधारलेले अशा असंख्य जोड्या अकस्मात तुटल्या. तेथे दोष कोणत्याही एका यंत्राचा नव्हता, दोहोंच्या विसंवादाचा होता.

परंतु पोर्ट फॉरवर्डिंग निर्दोष असूनही बाहेरून वाट मिळत नाही, असा एक वर्ग उरतो, आणि भारतीय घरांत तोच आज महत्त्वाचा आहे. राउटरच्या पानावर दिसणारा बाहेरचा पत्ता व एखाद्या त्रयस्थ संकेतस्थळाने सांगितलेला आपला पत्ता हे ताडून पाहावेत. ते भिन्न असतील, आणि राउटरवरील पत्ता १००.६४ ते १००.१२७ ह्या दरम्यान वा १० ने सुरू होणारा असेल, तर घराच्या वेशीपलीकडे आणखी एक वेस आहे असे समजावे. सेवा देणाऱ्या कंपनीने अनेक घरांस मिळून एकच खरा पत्ता दिलेला असतो. ह्यासाठी वापरावयाचा पत्त्यांचा गट २०१२ मध्ये राखून ठेवण्यात आला. ह्या दुसऱ्या वेशीवर गृहस्थाची सत्ता चालत नाही. बदलत्या पत्त्यामागे स्थिर नाव धावत ठेवणारी डायनॅमिक डीएनएससारखी सोयही येथे निरुपयोगी ठरते, कारण नाव ज्याच्याकडे नेते तो पत्ताच अनेकांचा आहे. असे घर जगास हाक मारू शकते. जग त्यास हाक मारू शकत नाही.

मग उपाय काय? कंपनीकडून स्वतंत्र स्थिर पत्ता विकत घेता येतो. परंतु तो मिळताच ३३८९ चे दार जगास उघडे टाकणे हा अविचार होय. मे २०१९ मध्ये रिमोट डेस्कटॉपमधील ‘ब्लूकीप’ नामक दोष उघडकीस आला, तेव्हा त्याच्या गांभीर्यामुळे मायक्रोसॉफ्टला पाठिंबा केव्हाच थांबविलेल्या विंडोज एक्सपीसाठीही दुरुस्ती काढावी लागली होती. त्यापेक्षा व्हीपीएनचा मार्ग बरा. त्यात घरचे यंत्र स्वतः बाहेर जाऊन एका मध्यस्थाशी बांधलेले राहते आणि बाहेरचा मनुष्य त्याच मध्यस्थाकडे येतो. दोघेही हाक मारणारेच असल्याने वेस आड येत नाही. घराचा पत्ता नसल्याची उणीव त्यामुळे भरून निघत नाही, ती टाळली जाते, एवढेच.

पत्त्याची उणीव भरून काढणारी योजना १२८ द्विमान अंकांच्या नव्या पत्त्यांची, म्हणजे आयपीव्ही६ ची. तिच्या वापरात भारत आज जगातील आघाडीच्या देशांत आहे, आणि त्यास मुख्यतः २०१६ नंतर पसरलेली मोबाइल जाळी कारण झाली. फैजपुरातील एखाद्या घरी ही सोय असेल, तर तेथील प्रत्येक संगणकास पुन्हा विशेषनाम मिळते, आणि ते लिहिणारा पुण्यात असो वा लंडनमध्ये, त्याचा अर्थ बदलत नाही. मात्र राउटर अशा पत्त्यांवर बाहेरून आलेली हाकही सामान्यतः अडवितो. तेव्हा प्रवेशाची परवानगी तेथेही, त्या एका यंत्रापुरती, लिहून ठेवावी लागते. आणि बाहेरच्या टोकाकडेही आयपीव्ही६ आहे की नाही, हे निघण्यापूर्वी पाहून घ्यावे लागते.