रॉस, सर रोनाल्ड

रॉस, सर रोनाल्ड : (१३ मे १८५७–१६ सप्टेंबर १९३२). हिवतापाचा परजीवी डासाच्या शरीरात वाढतो आणि त्याच्या दंशातून पसरतो, हे प्रयोगाने दाखवून देणारे ब्रिटिश वैद्यक. जन्म अलमोडा येथे. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात शिक्षण. १८८१ मध्ये ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाले.

१८८३ मध्ये त्यांची बंगळूरच्या छावणीत हंगामी नेमणूक झाली. बंगल्यात डासांचा फार उपद्रव होता. खिडकीबाहेरच्या पिंपातील पाण्यात त्यांना अळ्या वळवळताना दिसल्या. पिंप उपडे करताच घरातले डास हटले. इतर पिंपांचाही असाच बंदोबस्त करावा, ही सूचना मात्र निसर्गक्रमात ढवळाढवळ नको म्हणून तेथील ॲड्जुटंटने धुडकावली. डास आणि हिवताप यांची सांगड तेव्हा रॉस यांच्याही मनात नव्हती. तरीही पुढील काळातील डासनियंत्रणाचे मूळ तत्त्व त्यांना सापडले ते येथे, आणि ते सूक्ष्मदर्शकाविना.

१८९४ मध्ये लंडनला पॅट्रिक मॅन्सन यांनी त्यांना रक्तातील हिवतापाचे परजीवी दाखवले व डासांवरचा आपला संशय बोलून दाखवला. पुढल्या वर्षी सिकंदराबादला काम सुरू होते न होते तोच, सप्टेंबरात, पटकीच्या साथीसाठी त्यांना पुन्हा बंगळूरला धाडण्यात आले. तेथे हिवतापाचे रुग्ण फारसे मिळेनात, संशोधन रखडले. पटकी, शहराची स्वच्छता आणि आरोग्यखात्याचा कारभार यांवरील त्यांचा अहवाल मात्र याच कामातून तयार झाला. रॉस यांना केवळ प्रयोगशाळेतले संशोधक मानणे त्यामुळे अपुरे ठरते.

२० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला, हुसेन खान या रुग्णाला चावलेल्या ॲनॉफिलीस डासाच्या जठरभित्तीत त्यांना परजीवीच्या पुटिका आढळल्या. लगेच बदली झाली ती हिवताप विरळ असलेल्या खेरवाड्याला. १८९८ मध्ये कलकत्त्याला माणसांऐवजी पक्ष्यांवर प्रयोग करून, सहायक महंमद बक्ष यांच्या मदतीने, त्यांनी परजीवीचा माग डासाच्या लाळग्रंथींपर्यंत काढला. मानवी हिवतापाचे संपूर्ण चक्र त्याच वर्षी जोव्हान्नी बात्तिस्ता ग्रासी व त्यांच्या इटालियन सहकाऱ्यांनी उलगडले. श्रेयावरून रॉस–ग्रासी वाद दीर्घकाळ चालला.

१८९९ मध्ये रॉस लिव्हरपूलच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेत रुजू झाले. १९०२ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. १९१० मध्ये त्यांचा हिवताप प्रतिबंधावरील ग्रंथ, तर १९२३ मध्ये आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. लंडन येथे त्यांचे निधन झाले.