आईचा दोष

१९७८ साली माझ्या वर्गात एक मुलगा होता. हाक मारली तर वळून बघायचा नाही, पाढे मात्र तिसापर्यंत घडाघडा. स्वमग्न होता का? तेव्हा कोणी तपासलंच नाही. मी त्याच्या आईला म्हटलं, "अहो, घरी त्याच्याशी जरा प्रेमाने बोलत जा."

हे मी एकटीच म्हणत नव्हते म्हणा. बाल्टिमोरच्या डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अशा ११ मुलांचं वर्णन केलं. (मॉस्कोच्या ग्रुन्या सुखारेवा यांनी १९२५ मध्येच ६ मुलांबद्दल लिहिलं होतं, पण बाईंचं नाव कोण घेतो!) हे जन्मजात आहे असं कॅनर म्हणाले, आणि आईबापांच्या थंडपणाकडे बोटही दाखवलं. बर्नार्ड रिमलंड स्वतः अशा मुलाचे वडील. दोष संगोपनात नाही, मुळात शरीरातच काही वेगळं आहे, हे त्यांनी १९६४ मध्ये पुस्तक लिहून मांडलं. तरी १९६७ मध्ये ब्रूनो बेटलहाइमने आपल्या पुस्तकात खापर आईच्याच माथी फोडलं. शेवटी १९६९ मध्ये कॅनर यांनी पालकांच्या सभेत आईबापांना जाहीरपणे निर्दोष ठरवलं.

म्हणजे माझ्या त्या वाक्याच्या नऊ वर्षं आधी.

ती माउली काही बोलली नाही. मुलाचं दप्तर उचललं आणि निघून गेली.