आयर्लंडमधील ऋणग्रस्त इस्टेटींचे न्यायालय आणि कुळांचा प्रश्न

आयर्लंडमधील जमिनीच्या प्रश्नाचे विवेचन बहुधा १८७९ च्या कुळांच्या चळवळीपासून सुरू करण्याचा प्रघात आहे. परंतु तत्पूर्वी तीस वर्षे, जमीनदारीची चौकट न मोडता केवळ जमीनदार बदलून हा प्रश्न सोडविण्याचा एक मोठा प्रयोग ब्रिटिश पार्लमेंटने केला होता. त्या प्रयोगाने काय साधले व काय साधले नाही, हे पाहिल्यावाचून पुढील चळवळीचा अर्थ नीट उलगडत नाही.

आयरिश इस्टेटी १८४५ च्या दुष्काळापूर्वीच कर्जात बुडालेल्या होत्या. इस्टेट ज्येष्ठ पुत्राकडे अखंड जावी म्हणून पिढ्यान्‌पिढ्या कौटुंबिक करारपत्रे होत. त्यांतून विधवांच्या नेमणुका आणि मुलींचे व धाकट्या पुत्रांचे हिस्से यांचा बोजा जमिनीवर चढे. त्यावर गहाणांची भर पडे. बटाट्याचे पीक बुडाले तेव्हा खंडाची वसुली थांबली. उलट दारिद्र्यनिवारणाचा कर वाढला. चार पौंड वा त्याहून कमी आकारणीच्या धारणक्षेत्रांवरील हा कर जमीनदारालाच भरावा लागे. व्याज थकले, आणि विकावे म्हटले तर विक्रीही होईना. कारण स्वामित्वाची शहानिशा चान्सरी न्यायालयात वर्षानुवर्षे चाले. १८४८ चा पहिला कायदा याच चान्सरीवर विसंबून राहिल्यामुळे निष्फळ ठरला.

म्हणून १८४९ च्या कायद्याने तीन आयुक्तांचे स्वतंत्र न्यायालय स्थापिले. मालकास वा धनकोस तेथे विक्रीसाठी अर्ज करता येई. धनकोच्या अर्जावर विक्रीचा हुकूम होण्यास वार्षिक बोजा निव्वळ उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक असावा लागे. विक्रीची रक्कम न्यायालयात जमा होई व धनकोंना त्यांच्या अग्रक्रमाने वाटली जाई. खरेदीदारास मिळे ते पार्लमेंटच्या आधाराचे निर्वेध स्वामित्व; मागचा कोणताही दावा त्यास बाधत नसे. कायद्याची खरी करामत या एका तरतुदीत होती. १८५८ मध्ये या न्यायालयाची जागा ‘लँडेड इस्टेट्स कोर्टा’ने घेतली व बोजा नसलेल्या इस्टेटीही त्याच्या कक्षेत आल्या, १८७७ मध्ये त्याचे काम उच्च न्यायालयात विलीन झाले.

केवळ हिशेबाच्या दृष्टीने पाहता हा प्रयोग यशस्वी झाला असे म्हणावयास हरकत नाही. पहिल्या दशकातच दोन कोटी पौंडांहून अधिक किमतीची जमीन हस्तांतरित झाली. परंतु इंग्लंडमधून भांडवल व सुधारलेली शेती येईल ही अपेक्षा मात्र फोल ठरली. खरेदीदार बहुसंख्येने आयरिशच होते : व्यापारी, वकील, शेजारचे जमीनदार. कॉनेमारातील मार्टिन घराण्याची सुमारे दोन लक्ष एकरांची बॅलिनहिंच इस्टेट तर १८५२ मध्ये तिच्यावरील गहाणदार असलेल्या लंडनच्या ‘लॉ लाइफ’ विमा कंपनीकडेच गेली.

याहून महत्त्वाचा दोष कायद्याच्या गाभ्यातच होता. विक्रीपत्रात नमूद असलेले पट्टे व कुळवहिवाटी तेवढ्या नव्या मालकावर बंधनकारक होत्या. कुळाने स्वतःच्या श्रमाने बांधलेले घर, खणलेले चर, लागवडीस आणलेली पडीक जमीन यांना त्या हिशेबात स्थान नव्हते. त्यांचे मोल इस्टेटीच्या किमतीत धरले जाई, धनकोस मिळे, आणि नव्या मालकाच्या पदरात पडे. किंमत मोजलेला मालक त्या किमतीवर व्याज सुटावे म्हणून खंड वाढवी. मागील हक्कांचा सर्व गुंता न्यायालयाने सोडविला. ज्याचा हक्क कागदावर नव्हता त्या कुळाची मात्र त्यात दखल नव्हती.

येथे मुंबई इलाख्याशी एक तुलना उद्‌बोधक ठरेल. भडोच व खेडा जिल्ह्यांतील ठाकुरांच्या ऋणग्रस्त इस्टेटींसाठी १८७७ मध्ये जो कायदा झाला, त्याचे नाव आयरिश कायद्याशी जुळते. हेतू मात्र उलट होता. तेथे इस्टेट व्यवस्थापकाकडे सोपवून उत्पन्नातून कर्ज फेडावयाचे व जुने घराणे टिकवावयाचे, असे धोरण होते. आयर्लंडात घराणे हटविले, गुजरातेत राखले. पण सुटका दोन्हीकडे योजिली ती मालकाच्या ऋणातून, जमीन कसणाऱ्याच्या अस्थिरतेतून नव्हे.

आयर्लंडात हे ध्यानी येण्यास तीस वर्षे लागली. १८८१ च्या कायद्याने वाजवी खंड ठरविणारे ‘लँड कमिशन’ आले. १८८५ च्या कायद्याने कुळास जमीन विकत घेण्यासाठी संपूर्ण किंमत कर्जाऊ देण्याची सोय झाली. त्यासाठी पन्नास लक्ष पौंड मंजूर झाले व फेडीची मुदत ४९ वर्षे ठरली. १९०३ च्या विंडहॅम कायद्याने संपूर्ण इस्टेट विकणाऱ्या जमीनदारास किमतीवर बारा टक्के अधिक देऊ केले. सरकारी मध्यस्थीने जमीन हस्तांतरित करण्याचा १८४९ चा मार्गच येथे पुन्हा अनुसरला गेला. या वेळी खरेदीदार होते ते स्वतः कूळ. १९९९ मध्ये ‘लँड कमिशन’ विसर्जित झाले, तेव्हा या दीर्घ प्रकरणाचा औपचारिक शेवट झाला.

अभ्यासकाच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट नमूद करणे अवश्य आहे. प्रत्येक लिलावापूर्वी इस्टेटीचे वर्णन छापले जाई. त्यात नकाशे, कुळांची नावे, त्यांचा खंड व मुदत दिलेली असे. खरेदीदाराच्या सोयीसाठी छापलेले हे कागद आज त्या कुळांच्या इतिहासाचे मोलाचे साधन झाले आहेत. ज्या व्यवहारात त्यांच्या श्रमाचे मोल त्यांना मिळाले नाही, त्याच व्यवहाराने त्यांची नावे मात्र जपून ठेवली.