संक्राम्य प्रतिजैव-रोध

प्रतिजैव पदार्थांना दाद न देण्याचा गुण एका सूक्ष्मजंतूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो, हे जपानमधील आमांशाच्या अभ्यासातून उघडकीस आले. तेथे १९५५ मध्ये सल्फा औषधे, स्ट्रेप्टोमायसीन, टेट्रासायक्लीन व क्लोरँफिनिकॉल या चारही औषधांना एकदम न जुमानणारा शिगेला सूक्ष्मजंतूचा वाण आढळला. चार स्वतंत्र उत्परिवर्तने एकाच पेशीत घडून येणे जवळजवळ अशक्यच. शिवाय एकाच रुग्णात औषधांना बळी पडणारे व न पडणारे, असे दोन्ही शिगेला मिळत. १९५९ मध्ये ओचिआई आणि आकिबा यांनी स्वतंत्रपणे दाखविले की, आतड्यातील एरवी निरुपद्रवी असलेल्या एश्चेरिकिया कोलाय या सूक्ष्मजंतूचा रोध मिश्र संवर्धनात शिगेलाकडे जातो. केओ विद्यापीठातील त्सुतोमु वातानाबे यांनी या संक्रमणाची आनुवंशिकी अभ्यासिली. रोधाची जनुके गुणसूत्रावर नसून संयुग्मनाने पसरणाऱ्या स्वतंत्र डीएनए-वलयावर (प्लास्मिडावर) असतात. मूळ निबंध बव्हंशी जपानी भाषेत असल्याने पाश्चात्त्य जगाचे लक्ष त्यांकडे उशिरा, मुख्यतः वातानाबे यांच्या १९६३ मधील इंग्रजी समीक्षालेखामुळे गेले. त्यानंतर पशुखाद्यातील प्रतिजैवांविषयीही शंका बळावली. मानवी उपचारांतील प्रतिजैवे वाढीसाठी पशुखाद्यात मिसळू नयेत, अशी शिफारस ब्रिटनमधील स्वान समितीने १९६९ मध्ये केली. यूरोपीय संघात वाढवर्धक प्रतिजैवांवर संपूर्ण बंदी येण्यास मात्र २००६ साल उजाडले.