तळटीप १४ : शब्दागणिक मोबदला
१४. टेबलाभोवती बसून, फासे टाकत व पात्रांच्या भूमिका वठवत खेळल्या जाणाऱ्या कथाखेळांच्या अमेरिकी प्रकाशनव्यवसायातील ही रूढ पद्धत होय. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (१९७४) या खेळाच्या नियमांचा गाभा ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ या त्याच्या प्रकाशक कंपनीने २००० मध्ये ‘ओपन गेम लायसन्स’ या परवान्याने इतरांना विनाशुल्क खुला केला, तेव्हा अनेक छोटे प्रकाशक पुढे आले आणि साहसकथानके, राक्षसांची वर्णने असा मजकूर बाहेरच्या लेखकांकडून ठरावीक शब्दसंख्येत लिहून घेऊ लागले. मोबदला शब्दामागे काही सेंट, तोही पुष्कळदा पुस्तक निघाल्यावर, मिळे. शिवाय ‘वर्क फॉर हायर’ करारान्वये सर्व हक्क प्रकाशकाचे ठरत, म्हणूनच ही टीप ज्या पत्रावर आहे त्याचा लेखक अशा कामात रचलेल्या ज्या काल्पनिक शहराला हौसेने ‘माझे शहर’ म्हणतो, ते कायद्याने त्याचे नव्हते.